वंशाचा रकाना झाकला, आता गरिबी मोजायची कशी?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्याविरुद्धच्या खटल्यांचा निकाल दिला. कॉलेजप्रवेशात अर्जदाराचा वंश विचारात घ्यायची १९७८पासूनची मुभा त्या दिवशी संपली. तेव्हापासून निवड समितीच्या बैठकीत पहिली सूचना ठरलेली असते : 'मग आर्थिक परिस्थिती बघा ना!' सूचना चांगलीच आहे. अंमल करायला बसलं की मात्र लक्षात येतं, की 'आर्थिक परिस्थिती' नावाचा एकच आकडा कुठल्याही अर्जात नसतो. तो घडवावा लागतो, आणि कसा घडवला यावर कोण आत जाणार ते ठरतं.

हे टिपण तो आकडा घडवणाऱ्यांसाठी आणि तपासणाऱ्यांसाठी आहे. तिकडच्या शाळा-मंडळांवर, विद्यापीठांच्या समित्यांवर, माजी विद्यार्थी म्हणून मुलाखती घेणाऱ्यांत आता मराठी माणसं आहेत. सार्वजनिक धोरण शिकणारी मुलं आहेत. शिवाय 'जात की आर्थिक निकष' या आपल्या वादात अमेरिकेचा दाखला देणारेही पुष्कळ आहेत. त्यांना आधीच एक सांगून ठेवायला हवं. १९७८नंतर तिकडे राखीव जागा नव्हत्याच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या. १९७८च्या बॅकी खटल्यात त्या रद्द झाल्या. उरलं ते एवढंच, की अर्ज वाचताना इतर अनेक गोष्टींबरोबर वंशही पाहता येईल. तिथे जातीचा दाखला नाही, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नाही, कॅपच्या फेऱ्या नाहीत. निवडक कॉलेजांत एक माणूस फाइल उघडतो, वाचतो आणि गुण देतो. म्हणून 'जातीऐवजी आर्थिक आरक्षण' हे वाक्य तिथल्या व्यवस्थेला जसंच्या तसं लावता येत नाही.

आधी हेतू लिहा

हेतू दोन असू शकतात. कमी साधनांतून वर आलेल्या मुलांना संधी द्यायची, हा एक. वर्गातलं वांशिक प्रमाण पूर्वीसारखं राखायचं, हा दुसरा. बैठकीत दोन्ही एकाच दमात बोलले जातात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. पहिल्या हेतूसाठी आर्थिक निकष लावणं कायद्याने सरळ आहे. दुसऱ्यासाठी तोच निकष आडून लावला तर मामला नाजूक होतो, कारण मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी निकालातच बजावलं आहे : जे थेट करता येत नाही, ते आडमार्गानेही करता येणार नाही.

व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलचं प्रकरण इथे वाचून ठेवावं. शाळेने प्रवेशपरीक्षा काढून टाकली, प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या १.५ टक्के मुलांना जागा दिल्या आणि गरिबी हा एक विचारात घ्यायचा घटक केला. आशियाई मुलांचं प्रमाण घटलं, पालक कोर्टात गेले. मे २०२३मध्ये फेडरल अपील न्यायालयाने धोरण वैध ठरवलं आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. म्हणजे वंश न पाहणारा निकष आजही टिकतो. पण त्या खटल्यात मंडळाच्या सदस्यांचे आपसातले संदेशही पुराव्यात आले होते. जुलै २०२५मध्ये अमेरिकी न्याय खात्याने काढलेल्या सूचनांत तर वांशिक परिणाम साधण्यासाठी निवडलेले भौगोलिक निकषही संशयास्पद ठरवले आहेत. तेव्हा प्रत्येक निकषापुढे इतिवृत्तात एक ओळ असू द्या : हा का घेतला, आणि वंशाचा विचारच नसता तरी घेतला असता का. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येत असेल, तर तो निकष सोडून द्या.

राज्याचा कायदाही पाहून घ्या. कॅलिफोर्नियाने १९९६च्या मतदानाने आणि मिशिगनने २००६च्या मतदानाने सरकारी विद्यापीठांत वंशाचा विचार आधीच बंद केला होता. त्यामुळे तिथल्या विद्यापीठांपाशी वंशाशिवाय चालवलेल्या प्रवेशांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. नवं काही शोधण्यापूर्वी तो चाळून घ्यावा.

निबंधाचा दरवाजा उघडा आहे, पण किती ते समजून घ्या. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने लिहिलं, तर कॉलेज ते वाचू शकतं. मात्र गुण द्यायचे ते त्यातून दिसणाऱ्या धैर्याला, नेतृत्वाला, जिद्दीला. वाचणाऱ्यांना दोन नमुना-निबंध देऊन सराव करून घ्या. 'मी अमुक समाजाचा आहे' एवढंच सांगणाऱ्या निबंधाला त्या विधानासाठी शून्य गुण. 'दुकानात माझ्या आईला कुणी विचारेना, म्हणून तिची कागदपत्रं मी भरू लागले आणि मग गल्लीतल्या इतरांचीही' याला गुण, कारण इथे मुलीने काही केलेलं दिसतं.

बदली चालेल का, याचं गणित

समजा १०,००० अर्ज आहेत आणि १,००० जागा. हे आकडे काल्पनिक आहेत, पण ताळा खरा आहे. कृष्णवर्णीय अर्जदार १,०००, त्यातले निम्मे म्हणजे ५०० कमी उत्पन्नाचे. बाकीचे ९,०००, त्यातले पाचात एक म्हणजे १,८०० कमी उत्पन्नाचे. कमी उत्पन्नाचे एकूण २,३०० झाले आणि त्यात कृष्णवर्णीय ५००, म्हणजे सुमारे २२ टक्के. एकूण अर्जांत १० टक्के असलेला गट गरिबांत २२ टक्के झाला, म्हणून पहिल्या नजरेला वाटतं की काम झालं.

आता माना, की कुठलीच सवलत नसताना १,००० जागांत ५० कृष्णवर्णीय विद्यार्थी येतात आणि वंश पाहिला जायचा तेव्हा १३० येत. २०० जागा गरिबांकडे वळवल्या : त्यातल्या साधारण ४३ आणि उरलेल्या ८०० पैकी ४०, मिळून ८३. १३० गाठायचे तर किती जागा वळवाव्या लागतील? सुमारे ४८०. जवळजवळ निम्मा वर्ग. त्यातही आपण हात सैल सोडला आहे, कारण गरीब गटातून निवड प्रमाणशीर होईल असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात त्या गटातही गुणपत्रिका पाहिल्या जातात आणि आकडा आणखी खाली येतो.

खर्च पाहा. पूर्ण मदत लागणाऱ्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ८०,००० डॉलर धरले तर २०० मुलांचे १ कोटी ६० लाख डॉलर, चार इयत्ता मिळून ६ कोटी ४० लाख. ४८० मुलांचे चार इयत्तांत १५ कोटी ३६ लाख. मोठा निधी असलेली मोजकी कॉलेजं सोडली तर हे कुणालाच पेलणारं नाही. 'वंशाऐवजी वर्ग घ्या' म्हणणारे आणि 'वर्गाने काही होत नाही' म्हणणारे, दोघेही हा ताळा क्वचितच मांडतात. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन आणि सहकारी यांच्या संगणकीय प्रयोगांतही हेच निघालं होतं, की निव्वळ आर्थिक प्राधान्याने पूर्वीचं वांशिक प्रमाण परत येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे : आर्थिक निकष वंशाचा बदली खेळाडू म्हणून आणू नका. गरिबीसाठी आणा, त्या कामाला तो पुरेसा मोठा आहे.

हाच ताळा आपल्या कॉलेजच्या खऱ्या आकड्यांनी मांडा. चार संख्या लागतात : एकूण अर्ज, कमी उत्पन्नाचे अर्ज, सवलतीविना निवडले गेलेले, आणि एका विद्यार्थ्यामागे सरासरी मदत.

आधी श्रीमंतांच्या सवलती काढा

गरिबांना गुण वाढवून देण्याआधी श्रीमंतांना मिळणारे गुण मोजा. हार्वर्डच्या खटल्यात बाहेर आलं, की खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, अधिष्ठात्यांच्या खास यादीतली नावं आणि प्राध्यापकांची मुलं हे चार गट अर्जदारांत ५ टक्क्यांहून कमी होते, पण निवडलेल्यांत सुमारे ३० टक्के. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३मध्ये दाखवलं, की परीक्षेचे गुण सारखे असताना सर्वांत श्रीमंत १ टक्क्यातलं मूल आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येल यांसारख्या आठ नामांकित खासगी विद्यापीठांच्या) आणि तशाच कॉलेजांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक आहे.

क्रम असा ठेवा. माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांची नोंद फाइलमधूनच काढा. 'कमी महत्त्व द्या' अशी सूचना उपयोगाची नाही, कारण वाचणाऱ्याच्या नजरेला पडलेली गोष्ट पुसता येत नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि ॲम्हर्स्ट यांनी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी ही वारशाची सवलत स्वतःहून बंद केली. कॉलोराडोने २०२१मध्ये सरकारी विद्यापीठांत आणि कॅलिफोर्नियाने २०२४च्या कायद्याने खासगी संस्थांतही ती बंद केली. मग खेळांकडे वळा. सेलिंग, रोइंग, स्क्वॉश, फेन्सिंग या खेळांच्या राखून ठेवलेल्या जागा मोजा. घरात पैसा नसेल तर या खेळांत मूल उतरतच नाही. शेवटी बांधील पूर्वप्रवेश, ज्याला तिकडे अर्ली डिसिजन म्हणतात. यात प्रवेश मिळाला की तिथेच जायचं असतं. दोन कॉलेजांची मदत तोलून पाहायची सोय नसल्याने गरीब घरं त्या वाटेला जात नाहीत, आणि जागा तर तिथेच भरत जातात. पूर्वप्रवेशात किती टक्के जागा संपतात हा आकडा समितीपुढे ठेवा. बऱ्याच सदस्यांनी तो कधी पाहिलेलाच नसतो.

काय मोजायचं

सगळ्यात वेळ इथे घालवा.

*उत्पन्न.* सगळे इथूनच सुरुवात करतात आणि एकटं वापरायला हे माप सगळ्यात कच्चं आहे. एका वर्षाचं उत्पन्न नशिबावर हलतं : वडिलांची नोकरी गेली, आईने दुकान विकलं. ६०,००० डॉलरमध्ये मिसिसिपीच्या गावात घर चालतं, सॅन होजेत त्यातले बरेचसे भाड्यातच जातात. म्हणून शक्य तिथे तीन वर्षांची सरासरी घ्या आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येशी तोला. फेडरल दारिद्र्यरेषा हे तयार माप आहे : २०२५साठी चौघांच्या कुटुंबाला ती ३२,१५० डॉलर होती. शाळेतल्या जेवणाच्या योजनेत या रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २०२५च्या हिशेबाने सुमारे ४१,८०० डॉलरपर्यंत जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ५९,५०० डॉलरपर्यंत ते सवलतीत मिळतं. एकच रेषा ओढू नका. आपल्याकडे ईडब्ल्यूएसच्या ८ लाखांच्या रेषेने जे होतं तेच तिथे होतं : रेषेच्या अलीकडच्याला सगळं, पलीकडच्याला काहीच नाही, आणि दोघांच्या घरात फरक फारसा नसतो. पाच-सहा पायऱ्या ठेवा.

*संपत्ती.* उत्पन्न सारखं असलेल्या दोन घरांतला खरा फरक इथे असतो. फेडरल रिझर्व्हच्या २०२२च्या पाहणीत श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यक निव्वळ संपत्ती २,८५,००० डॉलर होती, हिस्पॅनिक कुटुंबाची ६१,६०० आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. उत्पन्नात इतकी दरी नाही. ज्यांना वर्ग नीट मोजायचा आहे त्यांनी संपत्ती सोडणं म्हणजे अर्धंच माप घेणं. अडचण अशी, की प्रवेशअर्जात ती विचारलीच जात नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएस निकषात निदान ५ एकर जमीन आणि १,००० चौरस फुटांची सदनिका तरी विचारतात. तिकडे दोन साधे प्रश्न पूरक अर्जात घालता येतात : कुटुंब राहतं ते घर मालकीचं आहे का, आणि घरात कुणी पगाराखेरीज व्याज, भाडं किंवा लाभांश मिळवतं का. नेमके आकडे मागू नका. लोक ते चुकीचे भरतात.

*पालकांचं शिक्षण.* हे माप स्थिर असतं, खोटं सांगायचा मोहही कमी. पण व्याख्या आधी ठरवा. 'घरातला कॉलेजात जाणारा पहिला' म्हणजे पालकांपैकी कुणाकडेच चार वर्षांची पदवी नाही, की पालकांनी कॉलेजचं तोंडच पाहिलेलं नाही? दोन व्याख्यांनी दोन वेगळे गट निघतात. परदेशातून आलेल्या घरांत ही व्याख्या आणखी फसवते. नाशिकहून बीकॉम करून गेलेला आणि क्वीन्समध्ये टॅक्सी चालवणारा बाप 'पदवीधर' ठरतो आणि मुलाचा हक्क जातो. म्हणून शिक्षणासोबत व्यवसायही घ्या आणि पदवी कुठल्या देशातली याचा रकाना ठेवा.

*वस्ती.* झिपकोड वापरू नका; एका झिपकोडात बंगला आणि झोपडं शेजारी असतं. जनगणनेचा ट्रॅक्ट घ्या. त्यात साधारण ४,००० लोक राहतात आणि पाच वर्षांच्या पाहणीचे आकडे फुकट मिळतात. शिकागोच्या सरकारी शाळांचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. वंशावर आधारलेला न्यायालयीन करार २००९मध्ये संपल्यावर त्यांनी शहरातले सगळे ट्रॅक्ट चार स्तरांत विभागले. त्यासाठी मध्यक उत्पन्न, प्रौढांचं शिक्षण, एकल पालक, मालकीची घरं, घरात इंग्रजीखेरीज भाषा आणि परिसरातल्या शाळांची कामगिरी हे घटक घेतले. निवडक हायस्कूलांत ३० टक्के जागा निव्वळ गुणांवर आणि ७० टक्के चारही स्तरांत समान वाटून अशी रचना आली. चुकतं कुठे, तर स्तर वस्तीचा असतो, मुलाचा नसतो. वस्ती सुधारू लागली की पहिल्या स्तरातही बऱ्या घरची मुलं येतात, आणि पत्ते खोटे दिले जातात ते वेगळंच. सगळ्यात वरच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण पुढे घटलंच. वस्ती हा घटक ठेवा, पण एकूण भाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको.

*शाळा.* मोफत जेवण घेणाऱ्या मुलांची टक्केवारी हे जुनं माप आता विश्वासाचं राहिलेलं नाही. पुरेशी गरीब मुलं असलेल्या शाळेत सरसकट सगळ्यांना मोफत जेवण देता येतं. त्यासाठीची अट २०२३मध्ये ४० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली. त्यामुळे '१०० टक्के मोफत जेवण' लिहिलेली शाळा पूर्ण गरीब असेलच असं नाही. त्याऐवजी शाळेतल्या किती मुलांनी चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, प्रगत अभ्यासक्रम किती आहेत आणि एका समुपदेशकामागे किती मुलं आहेत, हे पाहा. कॉलेज बोर्डाची लँडस्केप नावाची तयार सेवा हे देत असे. २०२५मध्ये तीही बंद झाली. आता ही जुळवाजुळव स्वतःच करावी लागते.

*परीक्षेचे गुण.* उलटं वाटेल, पण गरीब मुलांसाठी सॅट या १६०० गुणांच्या प्रवेशपरीक्षेचे गुण ऐच्छिक ठेवणं बऱ्याचदा त्यांच्याच अंगावर येतं. डार्टमथने फेब्रुवारी २०२४मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हा हेच कारण दिलं : दुबळ्या शाळांतली मुलं चांगले गुण असूनही पाठवत नव्हती, कारण कॉलेजच्या सरासरीपेक्षा ते कमी दिसत. ज्या शाळेची सरासरी १००० आहे तिथला १४०० आणि ज्या शाळेची १३५० आहे तिथला १४०० यांना एकच मानू नका. दोन्ही आकडे फाइलच्या पहिल्या पानावर शेजारी छापा.

मोजमापाचे दोन आकडे करा

सगळ्या घटकांची एकच बेरीज केली की तीत अडचण किती आणि कर्तृत्व किती हे कळेनासं होतं. कॉलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेने यावर चांगली युक्ती काढली होती. एक आकडा अडचणीचा : या पार्श्वभूमीमुळे कॉलेजात पोहोचण्याची शक्यता किती कमी झाली. दुसरा अपेक्षेपलीकडच्या कामगिरीचा : अशाच पार्श्वभूमीच्या मुलांकडून जेवढे गुण अपेक्षित, त्याहून या अर्जदाराला किती जास्त मिळाले. पहिला मोठा आणि दुसराही मोठा, तर जोरदार प्राधान्य. पहिला मोठा पण दुसरा शून्याजवळ, तर थोडंसं. यामुळे कॉलेजात टिकू न शकणाऱ्या मुलांना ओढून आणल्याचा आरोपही बराचसा निकाली निघतो.

भार हवेतून ठरवू नका. मागच्या काही वर्षांची माहिती घ्या आणि कुठल्या घटकाने गुणांवर किती परिणाम केला ते काढा. भार त्या प्रमाणात द्या. संख्याशास्त्रज्ञ नसेल तर निदान सगळे घटक ० ते ९९च्या एकाच पट्टीवर आणा, नाहीतर ज्याचे आकडे मोठे तोच घटक बाकीच्यांना गिळतो. अशीच ० ते ९९ची पट्टी डेव्हिसच्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयाने २०१२पासून चालवली आहे : घरचं उत्पन्न, पालकांचं शिक्षण, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातलं बालपण, घरखर्चाला लावलेला हातभार असे घटक. बॅकी खटला ज्या दारातून निघाला, त्याच दारात आज याचं बरं उदाहरण सापडतं, हा योग मजेचा आहे.

टेक्ससची वाट वेगळी आहे. १९९७च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश मिळू लागला. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत गर्दी इतकी झाली की अशा प्रवेशांवर ७५ टक्क्यांची मर्यादा आली, आणि व्यवहारात तिथे ६ टक्के, २०२६च्या प्रवेशापासून ५ टक्के असा उंबरठा झाला. राज्यातल्या शाळा वस्तीप्रमाणे विभागलेल्या असल्यामुळेच हे चालतं. देशभरातून मुलं घेणाऱ्या खासगी कॉलेजला किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ही पद्धत लावता येत नाही. तो वेळ वाया घालवू नका.

माहिती येणार कुठून

बरीच कॉलेजं 'गरज न पाहता प्रवेश' देतात. याचा अर्थ आर्थिक मदतीची फाइल निवड करणाऱ्यांना दिसतच नाही. म्हणजे ज्यांना गरिबी मोजायची आहे, त्यांच्यापासूनच ती लपवलेली! भिंत पाडायची गरज नाही. पूरक अर्जात ऐच्छिक प्रश्न घाला आणि ही उत्तरं प्रवेशाच्या बाजूने वापरली जातील, विरुद्ध नाही, हे ठळक लिहा. तसं न लिहिल्यास गरीब घरं उत्तर टाळतात, कारण 'पैसे नाहीत म्हटलं तर घेणार नाहीत' ही भीती असते. अर्जशुल्काची माफी घेतली का, हा हाताशी असलेला दुसरा धागा. पडताळणी फक्त निवडलेल्यांची करा, मदतीच्या कागदांशी ताडून. सगळ्यांची करायला गेलात तर पुन्हा कागदपत्रं जमवू न शकणारे गरीबच गळतात.

वंशाची माहिती अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जात (कॉमन ॲप) आजही भरता येते. ऑगस्ट २०२३पासून कॉलेज ती वाचणाऱ्यांपासून झाकू शकतं. झाका, आणि निवड पूर्ण होईपर्यंत कुणीही एकत्रित आकडेसुद्धा पाहू नयेत. मधल्या आठवड्यात आकडे पाहून 'अजून थोडे घ्या' म्हणणं हीच गोष्ट हार्वर्डच्या खटल्यात चर्चेला आली होती.

कोरडी तालीम

नवी पद्धत लावण्याआधी मागच्या वर्षीच्या ५०० फाइली नावं झाकून पुन्हा वाचा. प्रत्येक फाइल दोघांनी, एकमेकांशी न बोलता. दोघांच्या गुणांत मोठा फरक पडणाऱ्या फाइली वेगळ्या काढा. बहुतेक वेळा त्यात एकच घटक अस्पष्ट निघतो. मग तीन याद्या शेजारी ठेवा : प्रत्यक्ष निवडलेले, नव्या पद्धतीने येणारे, आणि नुसत्या श्रीमंतांच्या सवलती काढल्यास येणारे. तिसरी यादी बऱ्याच जणांना चकित करते.

तालमीत हमखास दिसणाऱ्या चुका अशा. एकच अडचण तीनदा मोजली जाते : वस्तीत, शाळेत आणि उत्पन्नात. संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या पीएचडी विद्यार्थ्याचं मूल उत्पन्नावर 'गरीब' ठरतं. घटस्फोटित पालकांपैकी ज्याचं उत्पन्न कमी त्याचंच दाखवलं जातं. आणि अगदी तळातला गट फारसा हलतच नाही, कारण त्या मुलांनी अर्जच केलेला नसतो. तिथे गुणांचा उपयोग नाही, शाळाशाळांत जाऊन अर्ज भरून घ्यावे लागतात.

पैसे, आणि मग आकडे वाचणं

निकष मंजूर करण्याआधी मदतीचं अंदाजपत्रक मंजूर करून घ्या, उलट क्रमाने नको. पेल अनुदान, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी तिथल्या केंद्र सरकारची मदत, २०२५-२६ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होतं; बाकी कॉलेजलाच घालायचे. प्रवेश देऊन मदत अपुरी दिली, तर मूल येत नाही किंवा दुसऱ्या वर्षी गळतं. अनामत रक्कम, प्रवासखर्च, विम्याचा हप्ता आणि सुट्टीत वसतिगृह बंद असताना जेवणाची सोय या चार ठिकाणी पैसे कमी पडतात, असं गृहीत धरूनच आखा.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका. २०२४च्या शरदात एमआयटीत कृष्णवर्णीय विद्यार्थी ५ टक्के झाले, आधीची सरासरी १३ होती. ॲम्हर्स्टमध्ये ११वरून ३ टक्के. येलमध्ये मात्र १४ टक्केच राहिले आणि आशियाई ३०वरून २४ टक्क्यांवर आले. एकाच निकालाचे असे वेगवेगळे परिणाम. बातमी वाचताना तीन गोष्टी तपासा : टक्केवारी निवडलेल्यांची आहे की प्रत्यक्ष दाखल झालेल्यांची, 'वंश सांगितला नाही' म्हणणारे किती वाढले, आणि परदेशी विद्यार्थी भाजकात धरले आहेत की वगळले. भारतातून थेट जाणारा विद्यार्थी या सगळ्या मोजणीत 'परदेशी' गणला जातो, 'आशियाई' नाही. न्यू जर्सीत वाढलेलं मराठी मूल मात्र 'आशियाई'त. दोघांची बेरीज करून 'भारतीयांना फायदा झाला की तोटा' असा मथळा देणं चूक आहे.

आपल्या कॉलेजात निदान तीन वर्षं हे आकडे ठेवा : पेल घेणाऱ्यांचा हिस्सा, पेलच्या थोडं वर असलेल्यांचा हिस्सा, आणि दोघांचं दुसऱ्या वर्षातलं टिकण्याचं प्रमाण. मधला आकडा विसरू नका. पेलची टक्केवारी छापली जाते म्हणून कॉलेजं तेवढीच वाढवतात, आणि वर्षाला ७५,००० डॉलर मिळवणाऱ्या बसचालकाच्या मुलीची जागा जाते. त्या गटाचा आलेख खाली येताना दिसला, तर उत्पन्नाच्या पायऱ्यांचे भार पुन्हा काढा आणि त्याच ५०० फाइलींवर नव्याने चालवून पाहा.